परीक्षा माफ

पोर्तुगालच्या नागरिकत्व कायद्याचं कौतुक करावं तेवढं थोडं. लिस्बनच्या हॉटेलात वर्षानुवर्षं भांडी घासणाऱ्या परदेशी माणसाला नागरिक व्हायचं, तर पोर्तुगीजची 'ए-टू' पातळी गाठावी लागते. पन्नाशीत बिचारा क्रियापदांची रूपं घोकतो. गोव्यात पेडणे तालुक्यातल्या हळर्णच्या पोराला हा जाच नाही. आजोबा पोर्तुगीज अमलात, म्हणजे १९ डिसेंबर १९६१ पूर्वी, गोव्यात जन्मलेले असले, की आधी त्यांचा जन्म लिस्बनला नोंदवायचा, मग वडिलांचा, मग आपला. 'ओब्रिगादु' म्हणण्याचीही गरज नाही. आभार एजंटाचे मानायचे, तेही रोखीनं.

या परीक्षामाफीला परंपरेचा आधार आहे. १७४६ मध्ये हळर्णचा किल्ला घेणारा व्हाइसरॉय पुढे 'आलोर्नाचा', म्हणजे हळर्णचाच, 'मार्केस' झाला आणि वारसांनी ती पदवी पोर्तुगालात बसून मिरवली. त्यांची तोंडी परीक्षा घ्यायला हळर्णकर गेले होते का?

हे उदात्त तत्त्व आता पेडण्यात वाहन परवान्यालाही लावावं. आजोबांनी बैलगाडी हाकल्याचा दाखला आणा, नातवाला लायसन्स.

आणि नवे पोर्तुगीज अभ्यासाला कंटाळतात, हा आरोप तर निव्वळ खोटा. पासपोर्ट हाती पडताच ते म्हापशाला क्लास लावतात. इंग्रजीचा. लिस्बनला राहायचंय कुणाला?