साडेचार मिलिमीटरचं वैर

शेतकऱ्याचं पाखरांशी वैर जुनं आहे, पण त्या वैरातली हत्यारं मात्र नेहमीच फार सौम्य राहिली. जुन्नर तालुक्यातल्या आमच्या डिंगोऱ्यात बाजरी निसवली की पूर्वी मळ्यात माळा उभा राहायचा. त्यावर घरातलं एखादं शाळाबुडवं पोर गोफण घेऊन बसायचं. पोपटांचा थवा उतरला की गोफणगुंडा सुटायचा आणि पोपटाला चुकवून बहुधा शेजारच्याच्या बांधावर पडायचा. पुढे माळे मोडले. कॅसेटींचा जमाना संपला तेव्हा त्यांच्या पोटातली तपकिरी फीत बाजरीवरून ताणली गेली. वाऱ्यावर ती गुणगुणायची. जिच्यात कधीकाळी अभंग नि लावण्या शेजारीशेजारी नांदल्या होत्या, तिला पोपट थोडे दिवस दचकले आणि मग तिच्याच खाली बसून कणसं सोलू लागले. मग चमकी पट्ट्या आल्या, द्राक्षांवर जाळ्या आल्या, वानरांसाठी प्लॅस्टिकच्या पाइपात कार्बाइड घालून उडवायचा बार आला. या सगळ्यांचं काम एकच, घाबरवणं. ज्याचं काम घाबरवणं नव्हे, खरोखर मारणं आहे असं एअरगन हे यातलं पहिलंच हत्यार. म्हणून ती घ्यायचं ठरलं आणि आमच्या घरात कधी नव्हे इतका विचार सुरू झाला.

घ्यायची होती आमच्या तात्यांना, आणि कारण पोपट नव्हते. कारण घूस होती. शेंगांची पोती ठेवायच्या खोलीला तिने भिंतीखालून रस्ता काढला होता. किलोभर वजनाचं जनावर ते. घरातलं मांजर तिला पाहून दुसरीकडेच काही काम असल्यासारखं निघून जायचं. विषाच्या गोळ्यांचा अर्थ ती पहिल्या रात्रीतच समजली. पिंजऱ्यातलं खोबरं ती बाहेरूनच ओढून न्यायची. या अपमानानंतर तात्या पुण्याला गेले, एका दुकानाच्या काउंटरसमोर उभे राहिले, आणि तिथे त्यांना पहिलाच प्रश्न असा विचारण्यात आला, ज्याचं उत्तर शेतीच्या सबंध आयुष्यात त्यांना कधी लागलं नव्हतं: वन सेव्हन सेव्हन की टू-टू?

म्हणजे नळीचं भोक साडेचार मिलिमीटरचं हवं की साडेपाच. एका मिलिमीटरचा फरक. आमच्या भावकीत बांध कोरण्यावरून वर्षानुवर्षं अबोले चालले आहेत, पण तेही हातभर जमिनीसाठी. मिलिमीटरवर एवढी वैचारिक शक्ती खर्च झालेली मी प्रथमच पाहिली. इंग्लंडात म्हणे हा वाद पिढ्यानपिढ्या चालू आहे. तिथे ससे आणि रानकबुतरं हे शेतकऱ्याचे वैरी, आणि पिसांसाठी बारीक छर्रा, लोकरीसाठी जाड, असं एक जुनं सूत्र. त्यामागचं गणित सरळ आहे. हवेचा जोर तेवढाच. हलका छर्रा वेगाने जातो, जवळजवळ सरळ रेषेत. जड छर्रा सावकाश निघतो, वाटेत वाकतो, खाली येतो, पण पोचला की धक्का चांगला देतो. बारक्याला अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी चालतं, जाडाला नेम इकडेतिकडे झाला तरी एक वेळ निभावतं. आजीच्या दागिन्यांच्या वाटणीपासून आमच्या घरात गुंज हे माप कुणी विसरलेलं नाही, त्यामुळे तात्यांनी घरी येऊन सांगितलं ते असं: बारीक छर्रा भरतो सव्वाचार गुंजा, जाड पावणेआठ. काकूंनी विचारलं, “म्हणजे घुशीला केवढ्याचा दागिना घालताय?”

हा वाद गावात चांगला रंगला असता. रंगलाही. पारावर दोन तट पडले. ज्यांनी आयुष्यात एअरगन धरली होती ती फक्त ओतूरच्या जत्रेत, फुग्यांच्या फळीसमोर, अशा लोकांची मतं सर्वांत ठाम होती. त्या फुग्यांच्या बंदुकीचं एक स्वतंत्र शास्त्र आहे. तिची नेम धरायची माशी कधी जागेवर नसते. लाल फुगा फोडायचा तर पिवळ्यावर नेम धरावा लागतो, आणि हे गुपित आदल्या वर्षीच्या गिऱ्हाइकाने पुढच्याला सांगितलेलं असल्यामुळे दुकानदार मधल्या काळात माशी दुसरीकडे वळवून ठेवतो. नळी कडकन मोडायची, अंगठ्याने छर्रा दाबायचा, नळी पुन्हा सरळ करायची, गाल दस्त्याला टेकवायचा. त्या दस्त्याला सगळ्या तालुक्याच्या गालांचा घाम लागलेला असायचा. आमच्या पिढीतल्या बहुतेकांचं शौर्य तिथेच सुरू झालं आणि तिथेच, अर्ध्या डझन छर्ऱ्यांत, संपलं.

पण मिलिमीटरचा तो वाद मिटवला सरकारने. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे साडेचार मिलिमीटरपर्यंतची आणि २० ज्यूलपर्यंत जोराची एअर रायफल परवान्याशिवाय घेता येते. त्यापुढे गेलात की परवान्याच्या रांगेत उभे राहा. इंग्रज शंभर वर्षं ज्यावर भांडले तो प्रश्न आपल्याकडे एका ओळीत सुटला. तात्या थोडे हिरमुसले. जाड छर्ऱ्याच्या बाजूने त्यांनी बरीच तयारी केली होती आणि त्यांचा मुद्दा खोटा नव्हता: घुशीसारखं दणकट जनावर बारक्या छर्ऱ्याने नुसतंच जायबंदी होऊन बिळात जाऊन कुढत मरेल. मारायचं तर एका दमात, हा त्यांचा आग्रह. ज्या प्राण्याला ते सकाळसंध्याकाळ शिव्या घालत होते, त्याच्या मरणाच्या सोयीची एवढी काळजी ऐकून मला गंमत वाटली, आणि थोडं बरंही.

मग प्रश्न आला, मारायचं नक्की कुणाला. बंदूक घरात आली म्हटल्यावर घूस ही एकटी मानकरी कशी राहील? काकूंनी यादीच काढली. पोपट: कायद्याचं संरक्षण. बुलबुल, जी द्राक्षाच्या घडातला नेमका गोड मणी टोचते: तिलाही. मोर, जो शेंगा उकरतो: तो तर राष्ट्रीय पक्षी, त्याच्याकडे रागाने बघतानाही इकडेतिकडे पाहून घ्यावं. वानर: कायदाही आड येतो आणि मारुतीही. राहता राहिला कावळा. १९७२च्या वन्यजीव कायद्यात उपद्रवी प्राण्यांची एक वेगळी अनुसूची होती. कावळा, फळं खाणारी वटवाघळं, छोटे उंदीर, मोठे उंदीर अशी शेवटी चारच जणांची पंगत तिच्यात बसलेली. २०२२च्या दुरुस्तीत ती यादीच गेली. तशीही कावळ्याला बंदूक दाखवायची आमच्याकडे कुणाची छाती झाली नसती, कारण बाजरी भरते भाद्रपदात आणि पितृपंधरवडाही त्याच भाद्रपदात. ज्याच्यावर नेम धरायचा त्यालाच चार दिवसांनी हात जोडून ‘ये रे बाबा’ म्हणायचं, आणि तो नाही आला तर आजोबांची कुठली इच्छा राहिली याचा विचार करत ताटकळायचं. शेवटी पुन्हा उंदीर नि घूस. तिथेही आजीने हळूच आठवण करून दिली की भाद्रपदातच गणपतीही येतात, आणि येतात ते कुणावर बसून.

महाराष्ट्रात झाडल्या गेलेल्या सगळ्या छर्ऱ्यांत सर्वांत कामी आलेला छर्रा कुठला, असा मी कधीकधी विचार करतो. तो मुंबईत सुटला, १९०८च्या सुमारास. एका पोरक्या मुलाला मामांनी हवेची बंदूक दिली होती आणि तो चिमण्या मारत हिंडायचा. एक दिवस पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर त्याला पिवळा डाग दिसला. ही खावी की नाही, असा त्याच्यापुढे प्रश्न. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथे सचिव मिलर्ड साहेबांनी पीतकंठी चिमणी ओळखली, आणि मुलासमोर पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खणच्या खण उघडले. तो मुलगा म्हणजे सालिम अली. उतारवयात त्यांनी आत्मचरित्राला नावदेखील त्या चिमणीच्या पडण्यावरून दिलं. मला त्यात मिलर्ड साहेबांचं फार कौतुक वाटतं. दारात एक पोरगा मेलेली चिमणी घेऊन उभा आहे, आणि हा मोठा माणूस त्याला ओरडायचं सोडून खण उघडतो.

त्या एका छर्ऱ्याची गोष्ट झाली, आता तात्यांच्या छर्ऱ्यांकडे येतो. डबी उघडली की आत शिशाचे शेकडो इवले डमरू. कमरेत बारीक, मागे पोकळ घोळ, पुढे डोकं. डोक्याचे प्रकार चार. चपटं, जे कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतं. स्पर्धेत हेच वापरतात. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ साली कैरोला १० मीटरची जागतिक स्पर्धा जिंकली ती याच साडेचार मिलिमीटरच्या नळीने. तिथे दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, म्हणजे छर्ऱ्याहून बारीक. पण तो ठिपका पोत्यामागे पळून जात नाही, एवढी सवलत आहे. दुसरं गोल डोकं, जे लांबवर सरळ राहतं. तिसरं टोकदार, जे दिसायला शूर. चौथ्याच्या टाळूला खळगा असतो, तो आत शिरल्यावर फुलतो. हे वाक्य दुकानदाराने सांगितलं तसं तात्यांनी काकूंना सांगितलं, आणि सांगता सांगता स्वतःच गप्प झाले. त्या चौथ्या प्रकाराची डबी अजून न फोडता फडताळात आहे. गोल डोकं ठरलं.

त्यातही निवड असते. डबीत हिंदकळून काही छर्ऱ्यांचा घोळ चेपतो, आणि चेपलेला छर्रा वाट सोडतो. तात्या चष्मा लावून एकेक डोळ्यासमोर धरत बसले. काकूंनी थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, “अहो, सरका.” त्यांनी छर्रे पितळी ताटात ओतले, ताट जरा तिरकं धरून हलवलं, आणि तांदळातले खडे निवडावेत तसे चेपलेले छर्रे बोटाच्या एका फटकाऱ्याने कडेला काढले. धड छर्रा गोल फिरत येतो, चेपका अडखळतो. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ते ताट त्या दिवसापासून वेगळं ठेवलं गेलं, कारण शिसं पोटात जाऊ नये, आणि हात धुतल्याशिवाय तात्यांना चहा मिळेनासा झाला. बोटांच्या टोकांवर करडा रंग घेऊन दोघं संध्याकाळी ओट्यावर बसलेली असतात. नातवंडांना वाटतं, काहीतरी फार महत्त्वाचं चाललंय.

घुशीचं काय? घूस बाहेर पडते अंधारात, आणि अंधारात आमच्याकडे माणसं बाहेर पडत नाहीत. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला आणि उसात बिबट्या राहू लागला. जुन्नर तालुक्याचं हे आता रोजचं जगणं आहे. माणिकडोहला बिबट्यांसाठी वेगळं केंद्र आहे. आमच्याकडेही सांज झाली की कुत्री आत, वासरं आत, आणि कडी लावलेली. पोत्यांच्या खोलीचं दार अंगणाच्या पलीकडे. रात्री हातात सव्वाचार गुंजांचा छर्रा घेऊन तिथे घुशीची वाट पाहत बसायचं, आणि मागच्या उसातून कोण आपली वाट पाहतंय ते माहीत नसायचं! तात्या म्हणाले, हा कार्यक्रम दिवसाच करू. घुशीने या वेळापत्रकाला अद्याप संमती दिलेली नाही.

दिवसा मात्र तात्यांचा सराव चालतो. पाठीमागे मातीचा ढीग, पुढे तेलाच्या डब्याचं झाकण, त्यावर खडूचा ठिपका. हल्ली ठिपका बराच लहान झाला आहे. परवा पलीकडच्या मळ्यातला एक जण घाईघाईने आला. म्हणाला, “तात्या, तुमची बंदूक द्या जरा. पोपटांनी बाजरीचं पार वाटोळं केलंय.”

“बस आधी,” तात्या म्हणाले. “पोपट मारता येत नाही. कायदा आहे.”

“मारायचंय कुणाला? नुसता आवाज काढायचाय.”

तात्यांनी त्याला बंदुकीतल्या कमानीचं, म्हणजे स्प्रिंगचं, सगळं समजावून दिलं. बार कसा नसतो, दारू कशी नसते, हवाच फक्त दाबून सुटते, आणि म्हणून चांगली बंदूक जेवढी गुपचूप तेवढी उत्तम. नळी मोडून दाखवली, छर्ऱ्याचं डोकं दाखवलं, झाकणावर एक नेमका लावूनही दाखवला. फट्, एवढंच झालं.

तो बराच वेळ बंदुकीकडे बघत राहिला. “म्हणजे हिला आवाजच नाही?” म्हणाला, आणि चहा पिऊन पुढच्या घरी फटाके मागायला गेला.