पोलादनगरीतील पुष्पशिवण

फुलाफुलांच्या कापडाचे कपडे शिवण्याचा नाद साधारणतः परकर-पोलक्याच्या वयात जडतो, लग्नानंतर बळावतो, आणि साठी उलटली की तो सुटेल ही आशा घरातील मंडळीच सोडून देतात. त्याचा अभ्यास करावयाचा झाल्यास भिलाईइतके सोयीचे ठिकाण नाही, कारण हे नगर फुलांसाठी वसवलेलेच नव्हते. १९५५ मध्ये भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात येथील पोलाद कारखान्याचा करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे, म्हणजे खनिजापासून लोखंड वितळवून काढणाऱ्या भट्टीचे, उद्घाटन झाले, आणि रेल्वेचे रूळ हे येथील प्रमुख पीक ठरले. नोकरीनिमित्त विदर्भातून आलेल्या मराठी कुटुंबांच्या वाट्याला सेक्टर, रस्ता आणि क्रमांक यांवाचून एकमेकांपासून वेगळी न ओळखता येणारी क्वार्टर्स आली. रातपाळी संपवून डोळे चोळत परतणाऱ्या माणसाला आपलेच दार सापडावे म्हणून खिडकीला जास्वंदीचा पडदा अत्यावश्यक होता, असे या विषयातील जाणकार स्त्रिया सांगतात. पडदा शिवून कापड उरले, आणि पुढचे सर्व त्या उरलेल्या कापडातून घडले.

ज्या सोव्हिएत संघाच्या साहाय्याने हे नगर उभे राहिले, त्याने लोखंड आणि फुले यांची झुंज आपल्या घरी आधीच लावून पाहिली होती, ही गोष्ट पोलादाच्या इतिहासात सहसा सांगितली जात नाही. इव्हानोव्हो हे मॉस्कोच्या ईशान्येचे, छापील सुती कापडासाठी नावाजलेले शहर. तेथील गिरण्यांतून १९२० च्या दशकाच्या अखेरीस फुलांना मागे सारून ट्रॅक्टर, विमाने, दातेरी चाके आणि धूर ओकणारी धुराडी कापडावर छापण्यात येऊ लागली, हेतू हा की स्त्रियांनी औद्योगिकीकरण नुसते वाचू नये, अंगावरही घालावे. १९३३ मध्ये खुद्द ‘प्रावदा’ या पक्षाच्या मुखपत्राने या कापडांची यथेच्छ टिंगल केली, आणि यंत्रे निमूटपणे कारखान्यात परतली. त्यापूर्वी फ्रान्सने १६८६ मध्ये आणि इंग्लंडने १७२१ मध्ये छापील सुती कापडावर, ज्यात हिंदुस्थानातून जाणारे फुलांचे चीट अग्रभागी होते, बंदी घालून पाहिली. बंदी कायद्याच्या पुस्तकात राहिली आणि बायका चिटात राहिल्या.

प्रत्यक्ष शिवणाकडे वळल्यास असे दिसते की भिलाईतील सुपेल्याच्या रविवारच्या बाजारात कापड हातात घेणारी अनुभवी स्त्री आधी भाव विचारत नाही, पन्हा विचारते. पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. तो छत्तीस इंच की चव्वेचाळीस, यावर गाऊनला किती मीटर लागेल हे ठरते, आणि किती कापड कमी पडल्याचा बहाणा करून आणखी घेता येईल हेही. मग ती नमुना पाहते. सुटे, लहान, अंतराअंतरावर विखुरलेले फूल म्हणजे बुट्टी, तेच मोठे झाले की बुट्टा, आणि वेली एकमेकींत गुंतून मोकळी जागाच उरली नाही की त्यास जाळ म्हणतात. बुट्टीचे कापड कसेही कापले तरी निभावते; परंतु सर्व देठ खाली आणि सर्व फुले वर असा एकतर्फी नमुना असेल, तर पाठीचा भाग चुकूनही उलटा ठेवता येत नाही, एरवी समोरून बाग आणि मागून वादळानंतरची बाग असा देखावा होतो. हातभर रुंदीचा गुलाब घेणाऱ्या स्त्रीला तो गुलाब अंगावर नेमका कोठे उमलेल याचाही विचार कात्री चालवण्यापूर्वीच करावा लागतो. या विषयावर शिवणाच्या पुस्तकांनी सभ्य मौन पाळलेले आहे.

कौशल्याची खरी कसोटी मात्र खिशाची. गाऊनच्या वरून टिपा मारून बसवलेल्या खिशाचा तुकडा असा शोधून कापावयाचा असतो की खिशावरील अर्धी पाकळी खालच्या अर्ध्या पाकळीशी तंतोतंत जुळावी, आणि त्यासाठी पाव मीटर कापडाची नासाडी झाली तरी ती नासाडी समजली जात नाही. खिसा जितका उत्तम, तितका तो दिसेनासा होतो. प्रस्तुत लेखिकेच्या संग्रही असलेल्या गाऊनचा खिसा कुटुंबातील एकाही पुरुषाला चाचपल्यावाचून सापडलेला नाही, आणि कपाटाच्या किल्ल्या त्यातच असतात.

वय वाढेल तसे फूल लहान होत जावे आणि रंग उतरत जावा, असा एक अलिखित सामाजिक संकेत आहे. तो सुईत दोरा ओवण्याचा अनुभव नसलेल्यांनी केलेला असावा. चाळिशी लागल्यावर बारीक बुट्टीच्या कडा जुळवणे डोळ्यांना झेपत नाही, सबब फूल मोठे आणि भडक घेणे हे वैद्यकीयदृष्ट्या समर्थनीय ठरते. सेक्टरांतील संध्याकाळच्या फेरीत सूर्यफुले मिरवणाऱ्या आज्यांकडे या दृष्टीने पाहावयास हवे.

उरलेल्या तुकड्यांचे अभ्रे, मिक्सरची आवरणे आणि गोधड्या होतात, त्यांविषयी विस्तार नको. अधिक विचारार्ह आहे ते न कापलेले कापड. रायपूरच्या पंडरीत किंवा नागपूरच्या गांधीबागेत आवडले म्हणून घेतलेले, आणि इतके आवडले की कात्री लावण्याचे धैर्य झाले नाही, असे कापड प्रत्येक खऱ्या उपासिकेच्या घरी पेटीभर तरी असते. क्वार्टर सोडून नागपूरकडे परतण्याची वेळ येईपर्यंत ही पेटी यजमानांच्या नजरेस पडत नाही. सामानाच्या यादीत तिच्यापुढे ‘जुने पडदे’ एवढीच नोंद असते, आणि ती ट्रकमध्ये चढवताना चौघा हमालांना पडदे पोलादी आहेत की काय अशी शंका येते.