एक मेंढी आणि एक पोर

रानात मेंढरं बसवायची झाली की सोनईचा शेतकरी आधी ती मोजतो, मग रात्रीचा भाव ठरवतो. लेंड्या, मूत, सगळं हिशेबात. वाड्यामागं पळणारं पोर तेवढं हिशेबात नाही. ते फुकटात आलंय, असा आपला समज. साफ चूक. त्याचे पैसे मोजलेत.

२०२२ साली भाव कळला. इगतपुरीकडची कातकरी मुलं आपल्याच नगर जिल्ह्यात मेंढपाळांकडं राबताना सापडली. आईबापाच्या हातावर काही हजार रुपये आणि सोबत एक मेंढी.

या मेंढीकडं नीट बघा. ती विते, तिची लोकर निघते, अडीनडीला बाजार दाखवता येतो. सरकार तिच्या कानात बारा आकडी बिल्ला मारतं, रोगावरची लस फुकट टोचतं. पोराचा बारा आकडी नंबर आठवतो तो सुटकेनंतर, बँकेत खातं उघडायला. मेंढीचं वजन वाढलं की किंमत वाढते. पोर वाढलं की फक्त त्याच्यामागची मेंढरं वाढतात, आणि बापाची उचल आहे तिथंच राहते, कारण पोराची मजुरी त्या उचलीतून वजा करायची असते हे कुणाच्या गावीच नाही.

कायदा मात्र फार दिलदार. १९७६ साली त्यानं वेठबिगारीचं सगळं कर्ज एका फटक्यात पुसून टाकलं. म्हणजे मेंढीसुद्धा परत द्यायची नाही! हे सांगायला त्या आईबापाच्या झोपडीवर कोण गेलं होतं? कर्ज वेठीचं नव्हतं हे धनकोनं सिद्ध करायचं, असंही कायदाच म्हणतो. पण कचेरीत विचारणा होते बापाकडं: उचलीचा कागद दाखव. अरे, मेंढीची पावती कोण फाडतं?

सुटलेल्या मुलाला २०१६च्या योजनेत दोन लाख आहेत. पण पूर्ण रक्कम मालकाला शिक्षा झाल्यावर. तोवर तातडीचे म्हणून तीस हजार. शिक्षेला खटला हवा, खटल्याला साक्ष, साक्षीला बाप. आणि तारखेला बाप कुठं? दुसऱ्या मुकादमाची उचल घेऊन परमुलखात. गैरहजर राहिला म्हणून दोष पुन्हा त्याचाच!

एवढं करून कुणी वाड्यावर चौकशीला गेलंच, तर उत्तर तयार असतं: पोर नात्यातलं आहे, राहायला आलंय. साहेब मान डोलावतात. नातं कुणाकडून, ते विचारत नाहीत. मेंढीकडून असावं.