सुपर बिल्ट-अप ड्राइव्ह

सी ड्राइव्ह लाल झाला की हौशी संगणकधारक नवा ड्राइव्ह काढायला बसतो. विंडोजमध्ये त्यासाठी डॉसच्या काळापासूनची ‘सब्स्ट’ ही कमांड आहे. एखाद्या फोल्डरला एक्स हे अक्षर बहाल केले की ‘धिस पीसी’त नवाकोरा ड्राइव्ह हजर! जागा मात्र एका बाइटनेही वाढत नाही. बिल्डरच्या सुपर बिल्ट-अपसारखे हे क्षेत्रफळ फक्त दिसायला. शिवाय संगणक रीस्टार्ट केला की एक्स ड्राइव्ह गुल.

खरी सोय आहे ती लांबलचक पाथ आखूड करण्याची. विंडोजची जुनी मर्यादा २६० अक्षरांची. ‘ऑफिस’, ‘ऑफिस नवीन’, ‘फायनल’, ‘फायनल २’ अशी उतरंड रचणारे ती लीलया गाठतात.

शॉर्टकटची तऱ्हा निराळी. विंडोज ९५पासून डेस्कटॉपवर वाकड्या बाणाची ही चिन्हे नांदताहेत. काही जण तोच शॉर्टकट पेनड्राइव्हवर घेऊन झेरॉक्सच्या दुकानात जातात आणि फाइल उघडत नाही म्हणून दुकानदारावरच डाफरतात.

शॉर्टकट उडवला तर मूळ फाइल शाबूत राहते. एक्स ड्राइव्हमधली उडवली तर मूळच जाते. तेव्हा डिलीट दाबण्याआधी कोपऱ्यातला बाण तेवढा बघून घ्या.