क्लिपमामांची वही

मे महिन्यात दुपारी दोन वाजता दारव्ह्याच्या स्टँडवर उभा असलेला कोणताही माणूस वेस्टर्न पिक्चरमधल्या ली व्हॅन क्लीफसारखाच दिसतो. पारा पंचेचाळिसाला टेकलेला, डोळ्यांच्या दोन फटी झालेल्या, डोक्याला दुपट्टा आणि बोलायची इच्छा शून्य. बाकीच्यांचे डोळे सावलीत गेले की उघडतात, आमच्या क्लिपमामांचे उघडत नाहीत. लग्नाच्या मांडवात, कूलरसमोर, अंधारातसुद्धा त्यांच्या डोळ्यांच्या फटीच असतात. आधार कार्ड काढताना बुबुळांचा फोटो काही केल्या येईना. यंत्रावरचा पोरगा चार वेळा ‘काकाजी, डोळे उघडा’ म्हणाला. पाचव्यांदा ‘झोपले का?’ म्हणाला, आणि त्याच संध्याकाळी त्याचं नाव वहीत गेलं. नाव म्हणजे खूण. ‘कपाळावर केसांची झालर, वय अंदाजे बावीस.’

वहीकडे येतोच. आधी क्लिप कुठून आली ते.

मामा सतरा वर्षांचे होते. साल 1974. बैलांच्या वेसणी आणायला बापाने यवतमाळला पाठवलं. वेसणी अर्ध्या तासात घेऊन झाल्या आणि परतीच्या शकुंतलेला, म्हणजे आमच्या छोट्या आगगाडीला, चार तास होते. टॉकीजच्या पोस्टरवर घोडा दिसला म्हणून मॅटिनीला बसले. पिक्चर इंग्रजी, मामांचं इंग्रजी मॅट्रिकला दोनदा आडवं आलेलं. पण त्यावाचून काही अडलं नाही, कारण त्यात कुणी बोलतच नव्हतं.

पिक्चर होता ‘डेथ राइड्स अ हॉर्स’. 1967 चा, दिग्दर्शक ज्युलिओ पेत्रोनी, संगीत एन्निओ मोरिकोनेचं. पावसाची रात्र, डाकू घरात शिरतात, सगळ्यांची कत्तल करून घर पेटवतात. लपलेलं एक पोरगं ते बघतं. चेहरे झाकलेले, म्हणून ते खुणा लक्षात ठेवतं. एकाच्या छातीवर चार एक्क्यांचं गोंदण, एकाच्या कानात बाळी, एकाचा जखमेचा वण, एकाच्या बुटाची काटेरी टाच. आणि एकाच्या गळ्यात साखळीला कवटी. हा कवटीवाला पोराला आगीतून बाहेर ओढतो. पंधरा वर्षांनी पोरगं जॉन फिलिप लॉ होतं आणि खुणा शोधत निघतं. त्याच वेळी ली व्हॅन क्लीफ पंधरा वर्षांची कैद भोगून बाहेर येतो. त्यालाही त्याच टोळीने दगा दिलेला असतो. मग एका सुडामागे दोघं धावतात, आणि आधी कुणी मारायचं यावरून आपसातही भांडतात. माझ्या मते ही शेवटची गोष्ट अस्सल यवतमाळी आहे.

मामा त्या दिवशी वेसणी टॉकीजमध्ये विसरून आले. घरी मार खाल्ला, तोही डोळे बारीक करून. विचारणाऱ्या प्रत्येकाला ‘ली व्हॅन क्लीफ’ एवढंच सांगायचे. गावाने त्यातलं झेपेल तेवढं ठेवलं आणि क्लिपमामा तयार झाले.

अशा पिक्चरांना स्पघेटी वेस्टर्न म्हणतात हे त्यांना फार पुढे मी सांगितलं. गोष्ट अमेरिकेची, दिग्दर्शक इटलीचे, वाळू स्पेनच्या आल्मेरियाची. नट ज्याच्या त्याच्या भाषेत बोलणार आणि आवाज नंतर चिकटवणार. 1964 मध्ये सर्जिओ लिओनेचा ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ चालला, तशी पुढच्या दहा-बारा वर्षांत इटलीवाल्यांनी अशा पिक्चरांची रास घातली. स्पघेटी म्हणजे त्यांच्या शेवया. मामांनी विचार केला आणि म्हणाले, “मंग आपल्याकडं निंगाले असते तं सरगुंडे वेस्टर्न झालं असतं.” खोटं नाही. लोकेशन तयारच होतं. बाभळी, धूळ, कोरडा नाला, सालूनच्या जागी पानठेला आणि व्हिस्कीच्या जागी प्लास्टिकच्या पन्नीवर घोटलेला खर्रा. आगगाडीवरचा दरोडा तेवढा जमला नसता. शकुंतलेला 1994 पर्यंत मँचेस्टरचं 1921 सालचं वाफेचं इंजिन होतं. त्या गाडीवर दरोडा घालायला घोडा कशाला? पायी गाठून, दोन डबे लुटून, पुढच्या स्टेशनावर गाडीच्या आधी चहा प्यायला पोचता आलं असतं.

‘जंजीर’ आणि ‘यादों की बारात’ दोन्ही 1973 चे, पण आमच्याकडे पोचायला त्यांना वेळ लागला. दोन्ही सलीम-जावेदनी लिहिलेले, दोन्हींत पोराच्या डोळ्यांदेखत आईबाप मारले जातात आणि पोरगं खूण धरून बसतं. एकात मनगटातल्या साखळीला घोडा, दुसऱ्यात दोन पायांचे दोन नंबरचे बूट. आणि दोन्हीकडे बूट-साखळीच्या आत अजितच! ‘जंजीर’ला मामा टॉकीजमध्ये उभे राहून ओरडले, “हे माह्या पिक्चरातलं हाय!” मागच्याने खाली बसवलं. मागच्याच्या हातात तांब्याचं कडं होतं, हे सांगायला नकोच.

तर वही. दोनशे पानी, पुठ्ठ्याची. आता तिसरी चालू आहे. रकाने पाच: तारीख, खूण, गुन्हा, शिक्षा, शेरा. नाव कुणाचंच नाही, कारण पिक्चरमध्ये खुणाच होत्या. शिक्षेच्या रकान्यात गुन्ह्याच्या सालात पंधरा मिळवून आलेला आकडा. पंधरा वर्षांच्या आत सूड घ्यायचा नाही, ही मामांची अट. मामी म्हणतात, “याईचा बदला पंधरा वर्सानं अन् किरानाबी पंधरा वर्सानं.” काही पानांवर शेऱ्यात नुसतंच ‘मुदतीआधी वारले’ असं आहे. ते लिहितानाचं अक्षर दुखावलेलं दिसतं.

बुंदीचं प्रकरण मी डोळ्यांनी पाहिलं आहे. 1979 मध्ये एका लग्नात पंगतीत वाढणारा भिकबाळीवाला मामांच्या पत्रावळीला वगळून पुढे गेला होता. चुकून गेला असेल. 1994 च्या एप्रिलमध्ये त्याच माणसाच्या पोरीचं लग्न निघालं. मामा पहाटेच धुतलेलं धोतर नेसून तिथे हजर. बुंदीची बादली हट्टाने मागून घेतली. एवढा कामसू पाहुणा पाहून पोरीकडचे गहिवरले. तीन पंगती मामांनी इमानदारीने वाढल्या. चौथीत पोरीचा बाप बसला. मामा एकेक पत्रावळ करत आले. तोंडाने त्याच पिक्चरच्या संगीताची शिट्टी, म्हणजे मोरिकोनेची, पण समोरचे दोन दात गेल्यामुळे तिच्यात हवाच जास्त. भिकबाळीसमोर थांबले. डाव भरला, उचलला, त्याच्या डोळ्यांत डोळे घातले, डाव परत बादलीत उपडा केला आणि पुढे सरकले.

त्या माणसाने हात जोडले. “लय बरं केलं, भाऊ. दोन महिने झाले, शुगर निंगाली. घरातले कोनी आयकतच नाई, वाढतच रायतात.”

मामा घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. शेऱ्यात लिहिलं: ‘निशाणा लागला. मरण आलं नाही.’

बाकीचे हिशोबही असेच. काळीपिवळीच्या एका ड्रायव्हरने त्यांना नाक्यावर उतरवून त्यांच्या जागी दोन बाया बसवल्या होत्या. खूण, सोन्याचा दात. मधल्या काळात त्याने तो दात विकला असावा. दोन वर्षं मामा दिसेल त्या काळीपिवळीच्या ड्रायव्हरला विनोद सांगून हसवत होते आणि तोंडात वाकून बघत होते. कापसाला दुय्यम म्हणणाऱ्या चष्म्याला सुतळी बांधलेल्या ग्रेडरची बदली झाली. तिथे शेरा: ‘पळाला.’

या सगळ्यांत मला मामा हास्यास्पद वाटतात की थोर, हे ठरत नाही. सुडाचे पिक्चर गोळीबारासाठी बघतात असं लोक समजतात. गोळीबार पाच मिनिटांचा. उरलेला दीड तास वाट बघणं, दोरी करकरणं, माशी बसणं. ते पंधरा वर्षांचं थांबणं मामांना जमलं. शेवटची पाच मिनिटं तेवढी कधी जमली नाहीत, आणि मला शंका आहे की त्यांना ती नकोच होती.

एक नंबरचा शत्रू मात्र खरा होता. धुऱ्यापलीकडचे काका. 2004 च्या उन्हाळ्यात त्यांनी वखर चालवताना धुरा कोरला आणि मामांच्या वावराची दोन तासं आत घेतली, अशी नोंद आहे. खूण, उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं. कडबा कुट्टीत गेलेलं. मामा त्यांना अर्धबोटेच म्हणतात. पंधरा वर्षं दोघांनी एकाच नाल्यावर बैल पाजले, पण मामा पाठमोरे उभे राहून.

मुदत भरायच्या आदल्या वर्षी मी मामांना फोनवर ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ दाखवला. शेवटी कब्रस्तानात तिघांची गाठ पडते. कॅमेरा ली व्हॅन क्लीफच्या कमरेच्या पिस्तुलाकडे सरकणाऱ्या हातावर येतो. तिथे मी पिक्चर थांबवला. मधल्या बोटाचं शेवटचं पेर नाही. खरोखरच नव्हतं त्या माणसाला.

“मामा, हे बोट बघा.”

मामांनी फोन जवळ नेला, लांब नेला.

“प्रिंट खराब हाये,” म्हणाले, आणि फोन उलटा ठेवला.

2019 च्या एप्रिलमध्ये मामांनी पैसे भरून हद्द कायम मोजणी लावली. लगतच्या शेतकऱ्यांना नोटिसा गेल्या. त्या दिवशी मामा सकाळी सातपासून धुऱ्यावर पाय फाकवून उभे. एम-80 बाभळीला टेकवलेली, तिच्या हँडलला बैलाच्या माळेतले दोन घुंगरू. समोरून अर्धबोटे काका आले, हातात पाण्याची कॅन. दोघांमध्ये पन्नास पावलं. वारा सुटला, सरकीच्या ढेपेचं रिकामं पोतं मधून घरंगळत गेलं. मला उगाच घशाला कोरड पडली.

भूकरमापकाने यंत्र लावलं, नकाशा पाहिला, पुन्हा लावलं. चुना टाकत टाकत तो मामांच्या बाजूला यायला लागला. आला, आणखी आला, तुरीच्या फणकटात तीन पावलं आत येऊन थांबला.

“काकाजी, तुमचं नाई जात त्यायच्यात. त्यायचंच तुमच्यात निंगते.”

आणि मामांचे डोळे उघडले. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. घारे आहेत. भाचा असून मला माहीत नव्हतं.

अर्धबोटे काकांनी कॅनमधून पाणी ओतून भूकरमापकाला दिलं, मग मामांना. “तुमच्या बाबानंच कोरला होता धुरा, मी लहान होतो. मले मालूम हाये. राहू द्या ना बाप्पा, दोन तासानं कोनी उपाशी मरते का? पेरा तुमचं तुमी.” आणि अर्ध्या बोटाने खर्रा पुढे केला.

मामांनी खर्रा घेतला. नाही म्हणायचं सुचलंच नाही. गावात येईपर्यंत चावत होते.

रात्री कंदिलाएवढ्या बल्बखाली वही उघडली. जुनी नोंद खोडली नाही, खाली नवी केली. तारीख. खूण: मधलं बोट अर्धं. गुन्हा: चारचौघांत माफ केलं. शिक्षा: 2034.

मामी भाकऱ्या थापता थापता म्हणाल्या, “सत्त्याहत्तर वर्साचे होसान तवा. तठवर जगाले पायजे ना.”

तेव्हापासून मामांची बीपीची गोळी एक दिवस चुकलेली नाही.