रेडिसमध्ये टाका!

हिंजवडीत जा, बाणेरला जा, काचेच्या कुठल्याही इमारतीत कुठल्याही मजल्यावर उतरा, रेडिसवाला भेटतोच. त्याच्यासमोर "साइट जरा स्लो…" एवढंच म्हणून बघा. क्रियापद तुमच्या तोंडातून बाहेर पडायच्या आत उत्तर येतं, "रेडिसमध्ये टाका!" काय टाकायचं, मुळात ते हळू का चाललंय, हे त्याने विचारलेलं नसतं. पुन्हा पुन्हा विचारत बसणं हा त्याच्या मते वेळेचा अपव्यय.

कल्पना तशी निर्दोष आहे. वेबसाइटचं प्रत्येक पान डेटाबेसला काही ना काही विचारत असतं. हजार माणसांनी एकच पान उघडलं तर तोच प्रश्न हजारदा जातो. त्यापेक्षा पहिल्या वेळचं उत्तर मेमरीत हाताशी ठेवावं आणि उरलेल्या नऊशे नव्याण्णवांना तेच द्यावं. याला कॅशिंग म्हणतात आणि अर्ध्याहून अधिक इंटरनेट त्यावर उभं आहे असं रेडिसवाला सांगतो. टक्केवारी सोडा, भावना खरी आहे. २००३ साली ब्रॅड फिट्झपॅट्रिकने लाइव्हजर्नल सावरायला मेमकॅश्ड लिहिलं, २००९ साली साल्वातोरे सान्फिलिप्पो या सिसिलीच्या माणसाने रेडिस आणलं, ही कथा तो नव्या पोरांना पहिल्याच दिवशी ऐकवतो. लॅपटॉप मिळायच्या आधी.

त्याचा स्वभावही त्याच वळणाचा आहे. "चहा आला का रे?" असं विचारलं की तो स्क्रीनवरून नजर न हलवता "नाही" म्हणतो. त्याने दहा मिनिटांपूर्वी पाहिलेलं असतं, तेव्हा नव्हता. चहा येऊन, वाटला जाऊन, संपलेला असतो. मिसळ कुठली चांगली म्हणाल तर तो ठामपणे पत्ता देतो. तिथे आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे.

आमच्याकडे त्याला उतारा म्हणून डेटाबेस सांभाळणाऱ्या डीबीए मॅडम होत्या. साताऱ्याच्या. मोजकं बोलायच्या. कुणी रडत आलं की त्यांचं एकच वाक्य, "एक्स्प्लेन लावून बघितलंस का?" क्वेरीच्या, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नाच्या, आधी हा शब्द लिहिला की डेटाबेस उत्तर कसं शोधणार आहे ते सांगतो. मायएसक्यूएलच्या त्या तक्त्यात 'ऑल' दिसलं, म्हणजे स्वारी टेबलाची पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक ओळ वाचणार. रेडिसवाल्याला हे एक्स्प्लेन अपमानास्पद वाटतं. रोग कळला तर औषधाची मजा जाते, असा काहीसा त्याचा चेहरा होतो.

एकदा एका पानावर शंभर वस्तूंची यादी होती. कोड असा लिहिलेला, की यादीसाठी एक क्वेरी आणि मग प्रत्येक वस्तूसाठी वेगळी एक. एकूण एकशे एक. जोडून एकच क्वेरी लिहिता आली असती. रेडिसवाल्याने एकशे एकच्या एकशे एक उत्तरं वेगवेगळी कॅशेत घातली आणि अभिमानाने जाहीर केलं, की आता आपण डेटाबेसला एकशे एक वेळा त्रास देत नाही. रेडिसला देतो.

उत्तर किती वेळ जपायचं हा या धंद्यातला खरा कस. रेडिसवाला क्षणभर छताकडे पाहतो आणि म्हणतो, "तीनशे सेकंद." तीनशेच का? याचं उत्तर कुणाकडे नाही. मागच्या प्रोजेक्टमध्ये तीनशे होते. मेमकॅश्ड वापरायचा त्या काळात त्याने एकदा उदार होऊन एक अख्खं वर्ष दिलं होतं. आता मेमकॅश्डची एक खोड आहे. तीस दिवसांपेक्षा मोठा आकडा दिला की तो त्याला मुदत समजत नाही, १९७० पासून मोजलेली तारीख समजतो. त्यामुळे रेडिसवाल्याने वर्षभरासाठी ठेवलेली प्रत्येक गोष्ट १ जानेवारी १९७१ रोजीच शिळी झालेली होती. रोज भरायचा, रोज रिकामाच. त्याने निष्कर्ष काढला की सर्व्हरला रॅम कमी पडतेय.

मग आंब्याचा सीझन आला. रत्नागिरीचे एक बागायतदार आमच्या साइटवरून हापूस विकायचे. पहिल्या पानावर भाव आणि शिल्लक पेट्या दिसत, आणि पान उघडायला इतका वेळ लागायचा की आंबा पिकावा. रेडिसवाल्याने ते पान अर्ध्या तासासाठी कॅशेत टाकलं. पान झटक्यात उघडू लागलं. दुपारी फोन.

"अहो साहेब, डझनामागे दोनशे उतरवलेत मी मघाशी. इथे अजून जुनाच भाव!"

"काका, इनकॉग्निटोत उघडून बघा."

"ते कुठे असतं?"

"बरं, कंट्रोल एफ-फाइव्ह करा."

"मी मोबाइलवर आहे, बागेत. आणि काय हो, शेवटची पेटीही मघाशीच गेली. तुमच्या पाटीवर चाळीस शिल्लक कशा? तेव्हापासून पंधरा ऑर्डरी आल्यात. मी झाडावर काय लटकवू आता?"

संध्याकाळी त्याहून मोठा प्रसंग. उत्तर ज्या नावाखाली साठवायचं त्या नावात, म्हणजे की-मध्ये, ग्राहकाचा नंबर घालायला तो विसरला होता. पाच वाजता पहिलं पान उघडणाऱ्या बाई सुलभाताई होत्या. त्यानंतर अर्धा तास महाराष्ट्रातल्या यच्चयावत आंबेशौकिनांचं स्वागत "नमस्कार, सुलभाताई" असं झालं. रेडिसवाला जराही ओशाळला नाही. २०१५ च्या नाताळात स्टीम या गेमिंगच्या साइटवर लोकांना दुसऱ्यांच्याच खात्यांची पानं दिसली होती, कारण हेच, कॅशिंगची सेटिंग. व्हॉल्व्हने स्वतः सुमारे चौतीस हजार लोकांचा आकडा दिला, हे त्याला तोंडपाठ. एवढ्या मोठ्या कंपनीच्या पंगतीला आपण बसलो याचंच त्याला अप्रूप.

या गोंधळावर मीटिंग झाली, तिच्यात त्याने फेसबुकचा २०१३ चा शोधनिबंध काढला. साठवलेलं उत्तर बाद होताक्षणी सगळे एकदम डेटाबेसवर तुटून पडतात, म्हणून एकालाच नवं उत्तर आणायला पाठवायचं आणि बाकीच्यांना थोपवायचं, ही त्यातली युक्ती खरोखर सुंदर आहे. पण त्यांच्याकडे सेकंदाला अब्जावधी विनंत्या. आमच्या साइटवर भर दुपारी तिघं असत, त्यातला एक हा स्वतः, पान अजून उघडतंय ना ते बघायला.

मॅडम म्हणाल्या, "अरे, मायएसक्यूएलच्या पोटातच क्वेरी कॅशे होता पूर्वी. टेबलात एक ओळ बदलली की त्या टेबलाची सगळी साठवलेली उत्तरं फेकून द्यायचा. क्वेरीत एक स्पेस जास्त पडली तरी त्याला ती नवीनच वाटायची. २०१८ ला आठवी आवृत्ती आली त्यात त्यांनी तो काढूनच टाकला."

"म्हणूनच तर बाहेर रेडिस हवं ना, मॅडम!" तो म्हणाला, आणि इथे त्याचं बरोबर होतं. हे मान्य करायला हवं. दिवाळीच्या सेलला ज्या साइट उभ्या राहतात त्या त्याच्यासारख्यांच्याच जिवावर. सगळ्यांना सारखीच दिसणारी, क्वचित बदलणारी गोष्ट कॅशेत टाकायला याच्याइतका तयार हात नाही. फक्त शिल्लक पेट्यांचा आकडा ही तशी गोष्ट नव्हे, एवढं त्याला कुणी पटवू शकलेलं नाही.

अखेर त्याने बागायतदारांना एक बटण करून दिलं: 'कॅशे रिकामा करा'. काकांनी ते काम पुतण्यावर सोपवलं. पुतण्या कष्टाळू निघाला. प्रत्येक ऑर्डरनंतर, प्रत्येक फोननंतर, आणि मधल्या वेळात खबरदारी म्हणून तो बटण दाबत राहिला. आंब्याच्या एकाही उत्तराला कॅशेत बूड टेकायला वेळ मिळेना. म्हणजे साइट जवळजवळ सरळ डेटाबेसवरच चालली होती.

आणि भरभर चालली होती. कारण त्याच आठवड्यात मॅडमनी कुणाला न सांगता एक्स्प्लेन लावून पाहिलं होतं. शिल्लक पेट्या मोजायला दर वेळी आजवरच्या सगळ्या सीझनच्या सगळ्या ऑर्डरी वाचल्या जात होत्या. त्यांनी लॉट नंबरवर एक इंडेक्स टाकला, म्हणजे हवी ती ओळ थेट सापडावी अशी सूची, एका ओळीच्या कोडची, आणि त्या जेवायला गेल्या.

रेडिसवाल्याने अप्रेझलच्या फॉर्मवर लिहिलं, 'कॅशिंगमुळे साइटच्या वेगात लक्षणीय सुधारणा.' पुरावा म्हणून त्याने हिट रेशोच्या, म्हणजे शंभरातली किती उत्तरं कॅशेतूनच गेली ते दाखवणाऱ्या, पानाचा फोटो जोडला. पुतण्याच्या बटणाने फक्त आंब्याच्याच कीज पुसल्या जात, आणि हिट रेशोचं पान त्याने वेगळं कॅशेत टाकून ठेवलं होतं, मुदत न घालता. तिथे अजून अठ्ठ्याण्णव टक्के दिसत होते.