चारशे त्र्याऐंशी फोटोंमागे एक वाघ

कॉम्प्युटरची डिस्क भरली की सज्जन माणसाच्याही अंगात शिकारी संचारतो. पडद्यावरची निळी पट्टी लाल होते आणि तो थेट सगळ्यात मोठ्या फाइलीच्या मागावर निघतो. विंडोजनेही त्याची हौस ओळखून ठेवली आहे. शोधपेटीत आकाराचा पर्याय निवडला की लहान, मध्यम, मोठी अशा पायऱ्या लागतात आणि अगदी शेवटी, चार जीबीच्या वरच्या फायलींसाठी, 'जायगँटिक' हा शब्द येतो. एखाद्या इंग्रज साहेबाच्या शिकारकथेतून उचलून आणावा असा शब्द. वर मचाण, खाली जायगँटिक, हातात डिलीटचं बटण. माझं म्हणणं एवढंच आहे की या मचाणावर बसलेला माणूस बहुतेक वेळा भलत्याच जनावराची वाट बघत असतो. जागा खाणारं जनावर मचाणाखालून रोज कळपाने जातं, पण आकाराने फुटकळ म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही. आणि हे सिद्ध करायला चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलाइतकी सोयीची प्रयोगशाळा दुसरी नाही, कारण इथे वाघ मोजण्याचं काम गेली कित्येक वर्षं मेमरी कार्डावर चाललं आहे.

रीत सोपी आहे. जंगलाचे साधारण दोन-दोन चौरस किलोमीटरचे चौकोन पाडायचे, प्रत्येकात वाघाची वहिवाट असलेली जागा बघून दोन कॅमेरे समोरासमोर झाडांना बांधायचे आणि घरी जायचं. दोन अशासाठी, की वाघाच्या डाव्या कुशीचे पट्टे उजव्या कुशीशी जुळत नाहीत. एकाच बाजूचा फोटो म्हणजे आधार कार्डाची नुसती मागची बाजू. समोरून काही गरम आणि हलतं गेलं की कॅमेरा आपोआप टिपतो. 2018 च्या देशव्यापी गणनेत असे कॅमेरे 26,838 ठिकाणी लागले आणि 3,48,58,623 फोटो निघाले. त्याची गिनीज बुकात नोंद झाली. त्यात वाघाचे फोटो 76,651. पुढच्या, म्हणजे 2022 च्या गणनेत ठिकाणं 32,588, फोटो 4,70,81,881 आणि त्यात वाघाचे 97,399. आता हा भागाकार कागदावर करून बघा. 2018 साली साधारण 455 फोटोंमागे वाघाचा एक फोटो होता, 2022 साली 483 मागे एक. वाघ वाढले, त्यांचे फोटोही वाढले, पण बाकीची गर्दी त्याहून जोरात वाढली. सोयीसाठी एक फोटो दोन एमबीचा धरू. मग 2022 चा सगळा ढीग होतो सुमारे 94 टीबीचा आणि त्यातला वाघांचा वाटा भरतो 195 जीबी, म्हणजे शर्टाच्या खिशात मावणारी एक डिस्क. देशातल्या वाघांची अख्खी पोर्ट्रेट गॅलरी खिशात आणि उरलेल्या वरातीसाठी कपाटं.

या वरातीत कोण असतं? चितळांचे कळप, सांबर, रानडुकरं, चुकलेली ढोरं, ती शोधायला आलेला गुराखी, कॅमेरा बांधून झाल्यावर मागे वळून बघणारा वनमजूर. मोह वेचायला निघालेल्या बायाही असतात; त्यांना कुणी विचारलेलं नसतं, म्हणून माझ्या मते त्यांचे फोटो आकार-बिकार न बघता सगळ्यात आधी पुसावेत. आणि असतं गवत. कॅमेऱ्याला वाघ कळत नाही, त्याला फक्त उष्णतेतला हलता फरक कळतो. चंद्रपूरच्या मे महिन्यात तापलेलं गवत वाऱ्याने हललं तरी त्याला वाटतं, कुणीतरी आलं. तो इमानाने फोटो काढतो, पुन्हा काढतो, दुपारभर काढत राहतो. हे केवळ आपल्याकडेच होतं असं नाही. टांझानियातल्या सेरेंगेटीत 225 कॅमेऱ्यांनी काढलेले सुमारे बारा लाख फोटोसंच लोकांकडून तपासून घेतले, तेव्हा जनावर असलेले संच निघाले 3,22,653. उरलेल्या जवळपास तीन चतुर्थांशांत आफ्रिकेतलं दर्जेदार रिकामं गवत.

आता ही डिस्क भरली आणि आपल्या शिकाऱ्याने फायली आकाराप्रमाणे लावल्या तर काय होईल? पहिली गोष्ट, जायगँटिक एकही सापडणार नाही, कारण सगळ्याच दोन-दोन एमबीच्या. दुसरी गोष्ट अधिक मजेची आहे. जेपेग फोटोचा आकार त्यातल्या बारकाव्यांवर ठरतो. भर दुपारचं रंगीत गवत, त्यातली पात्यागणिक बदलणारी छटा, उन्हाचे कवडसे, हे सगळं साठवायला जागा जास्त लागते. रात्री इन्फ्रारेडमध्ये काढलेला काळापांढरा फोटो, मागे मिट्ट अंधार, तो थोडक्यात आटोपतो. आणि वाघ बहुधा रात्रीच फिरतो. म्हणजे 'सगळ्यात मोठी आधी' असा हुकूम सोडला की यादीच्या शेंड्यावर गवत येऊन बसतं आणि जंगलाचा राजा तळाशी जातो. आकार म्हणजे महत्त्व असं मानणाऱ्या पद्धतीची याहून सुबक फजिती मला तरी सुचत नाही.

यावर लगेच हरकत येईल की हे वनखात्याचं झालं. आमच्या घरच्या कॉम्प्युटरात खरोखरच दोन लग्नांचे व्हिडिओ आणि पाच सिनेमे निम्मी डिस्क अडवून बसलेले असतात. मान्य. पण ते शोधावे लागतात का? 2021 च्या ऑक्टोबरात छत्तीसगडमधून रानहत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला, तेव्हा तो कुठे आहे हे कळायला कुठल्याही सॉफ्टवेअरची गरज पडली नाही. धानाच्या बांध्या तुडवल्या गेल्या की गाव जागं, आणि सकाळी पेपरात फोटो. हत्ती स्वतःची वर्दी स्वतः देतो. रानडुक्कर देत नाही. ते रोज येतं, थोडं खातं, आणि पेपरात त्याचा फोटो येत नाही. लग्नाचा व्हिडिओ हत्ती आहे. तो कुठल्या फोल्डरात आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं, आणि तो पुसता येत नाही हेही. उरलेल्या महाकाय फायलींपैकी काहींना तर संरक्षण आहे. 'हायबरफिल' आणि 'पेजफाइल' या विंडोजच्या आपल्या फायली कित्येक जीबींच्या असतात, यादीत झळकतात आणि नवशिक्या शिकारी हर्षाने बंदूक रोखतो. त्या परिशिष्ट एकमधल्या आहेत. हात लावायला गेलात तर विंडोज आडवं येतं, 1972 चा वन्यजीव कायदा येतो तसंच.

घर सोडून मोबाइलकडे वळलो तर माझी बाजू आणखी बळकट होते. 2018 च्या सुरुवातीला एका अमेरिकी वृत्तपत्राने छापलं होतं की भारतात तीनातल्या एका स्मार्टफोनवाल्याची जागा रोज संपते, अमेरिकेत दहातल्या एकाची, आणि गूगलच्या लोकांना शोधाअंती सापडलेला गुन्हेगार होता सुप्रभात. सूर्य, गुलाब, वाफाळता चहा, प्रत्येकी काहीशे केबी. एकही जायगँटिक नाही. जंगलात घाणेरी पसरते ती अशीच. तिचं एकेक झुडूप बघून कुणी घाबरत नाही, फुलं तर बरी दिसतात. एक दिवस कळतं की चितळांचं कुरण उरलं नाही.

मग भरलेली डिस्क बघायची कशी? याचं उत्तर 1990 साली अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात बेन श्नायडरमन यांनी काढलं. त्यांच्या प्रयोगशाळेत 80 एमबीची एक डिस्क चौदा जण मिळून वापरत आणि ती सारखी भरायची. आज तिच्यात ट्रॅप कॅमेऱ्याचे चाळीसेक फोटो मावले असते. कोण किती जागा खातं हे दिसावं म्हणून त्यांनी अख्ख्या डिस्कचा एक चौकोन काढला आणि त्यात फोल्डरांचे लहानमोठे चौकोन पाडले. त्याला ट्रीमॅप म्हणतात. 'विनडिरस्टॅट'सारखी सॉफ्टवेअरं आजही तोच रंगीत नकाशा दाखवतात. वनखात्यात कुणाला तो नवा वाटणार नाही. हा कक्षांचा नकाशा आहे. कक्ष क्रमांक अमुक, क्षेत्र इतकं. एकेका झाडामागे न धावता आधी कुठला कक्ष फुगलाय ते बघायचं. अर्थात नकाशाही फसवतो. विंडोजच्या पोटात 'विनएसएक्सएस' नावाचं एक फोल्डर आहे, ते दिसतं त्याहून लहान असतं, कारण त्यातली एकच फाइल दोन दारांतून दिसते आणि दोनदा मोजली जाते. पंज्याच्या ठशांवरून वाघ मोजत तेव्हा हीच भीती असे: एकच वाघ इकडच्या बीटमध्येही आणि तिकडच्याही. सरिस्कातले वाघ कागदावर शिल्लक आणि जंगलात संपलेले निघाल्यावर ती पद्धत मागे पडली आणि पट्टे आले. फायलींनाही पट्टे असतात. प्रत्येकीच्या मजकुरावरून एक ठसा काढता येतो, आणि 'अहवाल', 'अहवाल नवीन' व 'अहवाल अंतिम खरोखर' यांचे ठसे जुळले तर ते तीन वाघ नसून एकच आहे हे कळतं.

याहून वजनदार हरकत दुसरी आहे, आणि तिच्यापुढे मला थोडं नमतं घ्यावं लागतं. गवत गवत म्हणून पुसायला निघालात, पण गवतात काय दडलंय हे आज कुठे माहीत आहे? 2018 च्या त्याच ढिगात बिबट्याचे 51,777 फोटो होते. मोजायला निघाले होते वाघ. पण त्याच फोटोंच्या आधारे पुढे देशाच्या वाघ असलेल्या पट्ट्यात 12,852 बिबटे असल्याचा अंदाज निघाला. वाघ नाही म्हणून ते आधीच पुसले असते तर? हरकत रास्त आहे, पण ती माझ्यापेक्षा आकारवाल्यांना जास्त लागते. पुसायचं की ठेवायचं हे उघडून बघितल्याशिवाय ठरत नाही, आणि फाइल किती एमबीची आहे हे त्यात सगळ्यात कमी उपयोगाचं. जंगलात हे फार आधी ठरून गेलंय. झाडाची गोलाई छातीच्या उंचीवर टेप लावून मोजतात खरं, पण केवळ गोलाईवर झाड पडत नाही. आलापल्लीजवळ जुन्या, प्रचंड झाडांचा सहा हेक्टरांचा तुकडा राखला आणि 2014 साली तो जैवविविधता वारसा स्थळ झाला. तिथे झाडाचा दांडगेपणा हीच त्याची कवचकुंडलं. बांबूच्या रांजीत तर वय बघतात, जुन्या काठ्या काढायच्या, कोवळ्या ठेवायच्या. म्हणून यादी लावायचीच असेल तर 'शेवटची कधी उघडली' या रकान्यावर लावावी.

राहता राहिले 'नवी डिस्क घ्या, स्वस्त झाल्यात' म्हणणारे. त्यांना 80 एमबीच्या त्या डिस्कची पुन्हा आठवण करून देतो आणि पुढे जातो. कारण माझ्या युक्तिवादातलं खरं भोक त्यांना सापडलेलंच नाही. वाघाच्या एका फोटोमागच्या त्या चारशे ब्याऐंशींमध्ये कुठेतरी एक फोटो असतोच: वानराने लेन्सपाशी तोंड आणून काढलेला, अर्धं नाक, एक डोळा आणि मागे आभाळ. आकारात तो खाली, शास्त्राला त्याचा उपयोग नाही, शेवटचा उघडला त्यालाही वर्षं झाली असतील. माझ्या प्रत्येक नियमाप्रमाणे तो पुसला पाहिजे. रेंज ऑफिसात जाऊन कुणाला तरी सांगून बघा.